आयत्या वेळी कालवलेलं : मुंबईच्या हॉटेलांतली सॅलडं

मुंबईतल्या कुठल्याही मध्यम हॉटेलचं मेनूकार्ड उघडा, सूप आणि पापडाच्या आसपास 'ग्रीन सॅलड' असतंच. काकडीच्या तिरप्या चकत्या, टोमॅटोच्या गोल चकत्या, बिटाचे दोन-चार काप, कांद्याच्या रिंगा आणि मधोमध लिंबाची फोड. दुपारच्या गर्दीआधी कापून ओल्या फडक्याखाली झाकलेलं हे सामान रात्रीच्या जेवणाला टेबलावर येतं. तोवर काकडीच्या कडा वाकलेल्या असतात आणि बिटाचा रंग कांद्यात उतरलेला असतो. लोक त्यातला कांदा आणि लिंबू उचलतात, बाकीची ताटली तशीच परत जाते. या एका ताटलीने शहराचं मोठं नुकसान केलं आहे. सॅलड म्हणजे पथ्याचं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून खायचं, अशी समजूत तिच्यामुळे पक्की झाली.

मुंबईत चांगलं सॅलड मिळतं. पोटभर खावं आणि त्यासाठी पुन्हा त्याच हॉटेलात जावं, इतकं चांगलं मिळतं. मात्र ते बहुतेकदा कार्डावरच्या 'सॅलड' या मथळ्याखाली नसतं. ज्या स्वयंपाकघरात कच्च्या भाजीला स्वतंत्र पदार्थाचा मान आहे, तिथे ते असतं. कुलाब्यापासून ठाण्यापर्यंत अशी स्वयंपाकघरं कुठे आहेत, कोणती नावाप्रमाणे आहेत आणि कुठे निराशा होते, याचा हा आढावा आहे.

त्यासाठी माझी कसोटी एकच आहे : पदार्थ मागवल्यानंतर कालवला की आधीच कालवून ठेवलेला होता? मीठ लागलं की काकडी, कोबी, टोमॅटो, मुळा पाणी सोडू लागतात. पंधरा-वीस मिनिटांत करकरीतपणा जातो आणि चव तळाच्या पाण्यात उतरते. पानांची गोष्ट आणखी नाजूक. धुतलेलं पान नीट कोरडं केलं नाही, तर तेल-व्हिनेगरचं मिश्रण त्याला चिकटतच नाही, घसरून खाली जातं. वर बेचव पाला आणि बुडाशी आंबट तेल असं जे पुष्कळ ठिकाणी मिळतं, त्याचं कारण बहुधा हे ओलं पान असतं. उत्तम ऑलिव्ह तेल आणि महाग चीज घालूनही ही चूक झाकता येत नाही.

पानांपासूनच सुरुवात करू, कारण सॅलड म्हटलं की शहरातल्या नव्या पिढीच्या डोळ्यांसमोर लेट्यूसच येतं. हे पान मुंबईत फार जुनं नाही. पूर्वी ते पंचतारांकित हॉटेलं, क्लब आणि क्रॉफर्ड मार्केटमधले मोजके गाळे यांच्यापुरतंच होतं. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, त्याच्या आधीची काही वर्षं बर्गरमधल्या आइसबर्ग लेट्यूसची शेती उभी करण्यात गेली होती. पुण्याजवळच्या तळेगावची त्रिकाया अ‍ॅग्रिकल्चर हे त्यातलं महत्त्वाचं नाव. ठिबक सिंचन, रोपवाटिका, काढणीनंतर लगेच थंड करणं आणि थंड गाडीतून वाहतूक, अशी सगळी साखळी बांधावी लागली. पान तोडल्यापासून ते गरम होऊ दिलं नाही तरच ते टिकतं. ही सोय एकदा झाल्यावर आइसबर्गच्या मागोमाग रोमेन, रॉकेट, बेझिल, पार्सली यांनाही वाट मिळाली. आज क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि वांद्र्याच्या पाली मार्केटमध्ये ही पानं घरगुती गिऱ्हाइकालाही सहज मिळतात.

पण सहज मिळणं आणि चांगलं मिळणं यांत फरक आहे. मोठ्या बाजारातून आलेलं पान दोन-तीन हातांतून जातं. म्हणून पानांचं सॅलड खायचं तर ज्या हॉटेलांनी शेताशी थेट नातं जोडलं आहे तिथे जावं. कुलाब्यातलं 'द टेबल' २०११ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या मालकांनी अलिबागेला स्वतःचं शेत केलं. तिथली पानं समुद्र ओलांडून येतात आणि तो ताजेपणा पहिल्या घासाला कळतो. त्याच स्वयंपाकघराचे पहिले प्रमुख शेफ अ‍ॅलेक्स सांचेझ यांनी पुढे काळा घोड्याला 'अमेरिकानो' काढलं. तिथेही भाजीला मांसाच्या शेजारची जागा न देता स्वतंत्र ताटली मिळते. वांद्र्याचं 'किचन गार्डन बाय सुझेट' दुपारच्या एकट्या जेवणासाठी मला जास्त पसंत आहे. वाडगा मोठा, ड्रेसिंग बेताचं, आणि खाल्ल्यावर जेवल्यासारखं वाटतं. ज्यांना घरी करायचं असेल त्यांनी वांद्र्याला कविता मुखी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या शेतकरी बाजाराची आठवण ठेवावी. रासायनिक खतांशिवाय पिकवलेली भाजी शेतकऱ्याच्या हातून घेण्याची सवय मुंबईच्या एका वर्गाला त्या बाजाराने लावली, आणि आसपासच्या हॉटेलांवरही त्याचा परिणाम झाला.

पानांच्या सॅलडांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. पावसाळ्यात लेट्यूस मऊ पडतं, भाव चढतात, आणि पाण्याची भीतीही खरी असते. आपल्या आजी-पणजी चातुर्मासात पालेभाजी टाळायच्या, त्यामागे धर्म होता तसा चिखल आणि अळ्या यांचा अनुभवही होता. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या हॉटेलात पानं कशी धुतात हे ठाऊक नाही, तिथे मी पानांचं काही मागवत नाही. इतरांनाही तेच सांगते.

जुन्या काँटिनेंटल सॅलडांबद्दल थोडक्यात. मॉस्कोच्या हर्मिटेज रेस्टॉरंटमध्ये ल्युसिएन ऑलिव्हिए यांनी १८६०च्या दशकात केलेलं सॅलड आपल्याकडे रशियन सॅलड म्हणून आलं. मूळचे मांस आणि मासे गेले, बटाटा, गाजर, मटार, अननस आणि मेयोनीज राहिलं, आणि ते लग्नाच्या बुफेपर्यंत पोचलं. सीझर सॅलड तिहुआनाच्या सीझर कार्डिनी यांच्या नावावर आहे. १९२४ सालची गोष्ट सांगतात. मुंबईत त्याचे निरामिष, बिनअंड्याचे आणि जैन असे अनेक अवतार झाले. अंडं, अँकोव्ही, लसूण आणि पार्मेझान ही चार खांबांची चव त्यातून एकेक करून काढली की उरतं ते पान आणि पाव. त्यामुळे सीझर खायचं तर जिथे ते या चारही घटकांसह करतात तिथेच खावं, नाहीतर दुसरं काही मागवावं. मोठ्या हॉटेलांच्या बुफेतली सॅलडची रांग दिसायला भरघोस असते, पण ती माझ्या कसोटीला क्वचितच उतरते. तिथे एकच करावं : आधी कालवलेले वाडगे सोडून द्यावेत, सुट्टं सामान घ्यावं आणि आपल्या ताटलीत आपणच कालवावं.

आता ज्या पंगतीत मुंबईचं सर्वांत चवदार सॅलड मिळतं तिकडे येऊ. ती पंगत पूर्वेकडची आहे. फोर्टमध्ये २०१४ मध्ये 'बर्मा बर्मा' सुरू झालं. पूर्ण शाकाहारी, दारू नाही, आणि कार्डावरचं सॅलडांचं पान सगळ्यात आधी वाचावं असं. ब्रह्मदेशात सॅलड हा जेवणाचा कणा आहे. त्याला थोक म्हणतात, आणि ते हाताने कालवतात. चहाच्या पानांचं सॅलड, म्हणजे लाफे थोक, हा त्यातला मुकुटमणी. चहाची कोवळी पानं वाफवून, दाबून, महिनोन् महिने आंबवतात. मग त्या काळपट हिरव्या, किंचित कडवट, तेलकट पानांत कोबी, टोमॅटो, तळलेला लसूण, भाजलेले दाणे, तीळ आणि तळलेल्या कुरकुरीत डाळी घालून लिंबू पिळतात. प्रत्येक घासात मऊ, करकरीत आणि कुरकुरीत असे तीन पोत आलटूनपालटून येतात. कडवटपणा आधी येतो, लिंबू त्याला उचलतं, आणि शेवटी दाण्यांचा गोडवा उरतो. चहाच असल्यामुळे ते खाल्ल्यावर तरतरीही येते, म्हणून रात्री उशिरा खाणाऱ्यांनी जपून. तिथलं कच्च्या कैरीचं सॅलडही तेवढंच चांगलं आहे. कोकणी माणसाला त्यात परकं काहीच वाटणार नाही.

ब्रह्मदेशाशी आपलं नातं बहुतेकांच्या मनात रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यापाशी थांबतं. १८८५च्या युद्धानंतर पदच्युत झालेला राजा थिबा रत्नागिरीला स्थानबद्ध होता, १९१०च्या सुमारास त्याच्यासाठी तो राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये त्याचं तिथेच निधन झालं. तीस वर्षं एक ब्रह्मी राजघराणं आपल्या किनाऱ्यावर राहिलं. त्यांच्या मुदपाकखान्यात कोकणातल्या कैऱ्या आणि सुकी मासळी कशी कालवली जात असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. कारण मूळ लाफे थोकमध्ये सुकवलेली कोळंबीही असते, आणि सुकी कोळंबी, कांदा, मिरची, आंबट असा मेळ आपल्या किनाऱ्यावरही घरोघरी आहे. त्याकडे पुढे येते.

थायी सॅलडांमध्ये सोम तम हे नाव सगळ्यांना माहीत झालं आहे. मूळ लाओस आणि ईशान्य थायलंडमधलं. कच्च्या पपईचा कीस, उखळात ठेचलेली मिरची आणि लसूण, ताडाचा गूळ, लिंबू, मासळीचा रस आणि दाणे. मुंबईत थायी जेवणाला प्रतिष्ठा दिली ती कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातल्या 'थाय पॅव्हिलियन'ने. ते १९९३ मध्ये सुरू झालं आणि शेफ आनंदा सॉलोमन यांच्या हाताखाली गाजलं. आज वांद्रे-कुर्ला संकुलापासून पवईपर्यंत थायी हॉटेलं पुष्कळ आहेत. चांगलं सोम तम ओळखायचं कसं? पपईचा कीस किसणीचा असेल तर तो एकसारखा, बारीक आणि लवकर लोळागोळा होणारा असतो. जुन्या पद्धतीत सोललेली पपई हातात धरून तिच्यावर सुरीने पटापट उभे घाव घालतात, मग वरचा थर तासून काढतात. त्यामुळे काही तुकडे जाड, काही बारीक पडतात आणि शेवटपर्यंत करकरीत राहतात.

ही पद्धत वाचताना मराठी वाचकाला आपली आई काकडी कोचवताना आठवली असेल. डाव्या हातात उभी काकडी, उजव्या हातातल्या सुरीचे तिरके-उभे घाव, आणि मग तासून ताटात पाडलेले ते ओबडधोबड बारीक तुकडे. त्यावर दाण्याचं कूट, हिरवी मिरची, साखर, लिंबू. पपईच्या जागी काकडी आणि मासळीच्या रसाच्या जागी तूप-जिऱ्याची फोडणी, एवढाच फरक. बाकी गोड, आंबट, तिखट, खारट आणि दाण्यांचा स्निग्धपणा हा सगळा तोल तोच. जे सोम तम आपण चारशे-पाचशे रुपयांना कौतुकाने मागवतो, त्याची सख्खी बहीण आपल्या थाळीच्या कोपऱ्यात चमचाभर वाढलेली असते.

पश्चिम आशियाची सॅलडं मुंबईला तुलनेने जुनी ओळखीची. आखाती देशांतले पाहुणे पावसाळ्यात कुलाब्यात मुक्कामाला येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग त्या भागात हमस, फत्तूश, तब्बूले आले. आता कफ परेड, जुहू, पवई इथे शाखा असलेल्या 'बेरूत'सारख्या हॉटेलांत ते थाटामाटात मिळतं. तब्बूले मागवताना एक गोष्ट पाहावी. ते मुळात पार्सलीचं सॅलड आहे, बारीक चिरलेली पार्सली आणि पुदिना भरपूर, गव्हाचा दलिया नावापुरता. मुंबईत बऱ्याच ठिकाणी हे प्रमाण उलटं होतं, कारण पार्सली महाग आणि दलिया स्वस्त. ताटली पांढरट दिसली तर समजावं. पार्सलीऐवजी कोथिंबीर आली तर मात्र बोलून दाखवावं. कोथिंबिरीची चव इतकी ठाम आहे की बाकीचं सगळं तिच्यामागे जातं. फत्तूशमध्ये भाजलेल्या खुब्ज रोटीचे तुकडे अगदी शेवटी पडायला हवेत आणि वरून सुमाकची लालसर आंबट भुकटी. हे दोन्ही असेल तर मुंबईच्या उन्हाळ्यात याच्याइतकं सुखाचं दुसरं जेवण नाही.

पारशी कचुंबर या सगळ्यांत साधं, आणि ते फार कमी लोक लक्ष देऊन खातात. बॅलार्ड इस्टेटचं १९२३ सालचं 'ब्रिटानिया', फोर्टमधलं 'जिमी बॉय' आणि 'आयडियल कॉर्नर' यांच्याकडे धनसाकबरोबर ते येतं. बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, मिरची, आणि आंबटपणासाठी लिंबू किंवा उसाचं व्हिनेगर. पारशी घरांत नवसारीच्या 'कोलाह' पेढीचं, १८८५ पासून चालत आलेलं व्हिनेगर असतं. काळसर, घट्ट वासाचं आणि किंचित गोड. धनसाकच्या जड डाळ-मटणाला हे कचुंबर नसेल तर दहा घासांत माणूस थकतो. म्हणून ते दोनदा मागून घ्यावं, कोणी नाही म्हणत नाही. ताजच्या मागच्या 'बडेमियाँ'पासून मोहम्मद अली रोडपर्यंत कबाबाबरोबर मिळणारा पातळ उभा कांदा, पुदिन्याची चटणी आणि लिंबू हेही याच कुळातलं. कांदा मीठ लावून पाण्यातून पिळून काढला की त्याचा उग्रपणा जातो आणि गोडवा राहतो. ज्या कबाबवाल्याकडे कांदा असा धुतलेला असतो, त्याचे कबाबही बहुधा चांगले असतात.

गुजराती थाळीकडे मी वेगळ्या आदराने पाहते, कारण पावसाळ्याचा प्रश्न तिने सोडवला आहे. काळबादेवीतलं १९४५ सालचं 'श्री ठाकर भोजनालय' किंवा चर्चगेटचं 'सम्राट' यांच्यासारख्या ठिकाणी जेवायला बसलं की भाज्या, फरसाण, कढी यांच्या गर्दीत कचुंबर आणि संभारा यांच्याकडे डोळे लावून बसावं. संभारा म्हणजे कोबी, गाजर, कच्ची पपई, हिरवी मिरची यांचे लांब काप मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत जेमतेम परतलेले. आचेवर एखाद-दुसरं मिनिट. भाजी गरम होते पण शिजत नाही, बाहेरून फोडणीचा वास आणि आत कच्चेपणाचा करकरीतपणा. कच्चं खाण्याची भीती ज्यांना जुलैत वाटते, त्यांच्यासाठी याहून चांगला पर्याय या शहरात नाही. फाफड्याबरोबरचा कच्च्या पपईचा संभारा तर सकाळी नऊ वाजता खाण्यासारखा. थाळीत तो एकदाच वाढतात आणि मग वाढपी शिरा-बासुंदीच्या मागे लागतात. थांबवून पुन्हा मागावा.

माटुंग्याकडून थोडी अपेक्षा होती तेवढी पुरी होत नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्याची कोसंबरी हा भिजवलेल्या मूगडाळीचा, काकडीचा, ओल्या खोबऱ्याचा आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीचा फार सुंदर प्रकार आहे. रामनवमीला पानकाबरोबर ती प्रसादाला असते. पण मुंबईतल्या उडुपी हॉटेलांनी इडली-डोशाला जेवढं घराघरांत पोचवलं, तेवढं कोसंबरीला पोचवलं नाही. किंग्ज सर्कलच्या केळीच्या पानावरच्या जेवणात ती कधी असते, कधी नसते. विचारावं, आणि मिळाली तर भाताआधी नुसतीच खावी.

रस्त्यावरचं खाणं या आढाव्यात कशाला, असं कोणी म्हणेल. पण माझ्या कसोटीवर मुंबईत सगळ्यात काटेकोरपणे उतरतो तो भेळवाला. तुमच्यासमोर, तुम्ही सांगितल्यावर, पातेल्यात कुरमुरे, शेव, उकडलेला बटाटा, कांदा, कोथिंबीर, कैरी, दोन चटण्या. दहा-बारा वेळा पातेलं खडखडलं की पुडा हातात, आणि पाच मिनिटांत संपवला नाही तर मऊ पडणार. उन्हाळ्यात कैरीचे बारीक तुकडे घातलेली सुकी भेळ मी कुठल्याही सॅलडच्या बरोबरीने मांडेन. हिरवी चटणी लावलेलं काकडी-टोमॅटो-बीट सँडविच आणि परमिट रूममधला मसाला शेंगदाणा हेही त्याच जातीचे. उकडलेले किंवा तळलेले दाणे, बारीक कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू. ग्लासाबरोबर चघळायला म्हणून आलेला हा पदार्थ डाळीइतका पोटभरीचा आणि पुष्कळ हॉटेलांतल्या ताटलीभर पानांपेक्षा चविष्ट असतो.

लोअर परळ आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कचेऱ्यांत दुपारी येणाऱ्या डब्यातल्या सॅलडांचा धंदा गेल्या दहा-बारा वर्षांत वाढला. किनोआ, अव्होकाडो, ग्रिल केलेलं चिकन किंवा पनीर, आणि डब्यावर उष्मांकांचा आकडा. सोय मोठी आहे आणि अनेकांच्या आरोग्याला त्याचा उपयोग होतो, हे मान्य. चवीचं सांगायचं तर जिथे ड्रेसिंग वेगळ्या डबीत आणि कुरकुरीत जिन्नस वेगळ्या पुडीत देतात तिथूनच घ्यावं. बंद डब्यात गरम चिकन आणि थंड पानं शेजारी ठेवली की अर्ध्या तासात पानं वाफाळतात. भारतीय धान्याकडे वळलेल्या हॉटेलांनी इथे चांगली दिशा दाखवली आहे. फ्लॉइड कार्डोझ यांच्या मार्गदर्शनाखाली २०१५ मध्ये कमला मिलमध्ये सुरू झालेल्या 'द बॉम्बे कँटीन'ने ज्वारी आणि बार्लीचं सॅलड कार्डावर आणलं. उकडलेली अख्खी ज्वारी दाताखाली किंचित चिवट लागते, ड्रेसिंग शोषून घेते आणि तासभर ठेवली तरी बिघडत नाही. डब्यातल्या सॅलडला हवं ते सगळं तिच्यात आहे.

आणि आता आपलं घर. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली. त्यातल्या कोशिंबिरी आणि चटण्या वाचल्या तरी कळतं की मराठी जेवणात कच्च्याचं दालन किती मोठं आहे. खमंग काकडी, गाजराची, बिटाची, पेरूची, डाळिंबाच्या दाण्यांची, कोबीची पचडी, मुळ्याचा चटका. सोलापूर-मराठवाड्याकडे कच्च्या मेथीचा, करडईचा किंवा कांद्याच्या पातीचा घोळाणा. कोवळी पानं बारीक चिरून दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्च्या तेलात घोळलेली, ज्वारीच्या भाकरीबरोबर. हे शुद्ध पानांचं सॅलड आहे आणि त्याला लेट्यूसची गरज नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात किसमूर : भाजलेली सुकी सुंगटं किंवा जवळा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, चिंच किंवा कोकम, वरून खोबरेल. ब्रह्मदेश आणि थायलंडच्या सॅलडांशेजारी ते ठेवलं तर एकाच समुद्राचं वाटेल.

यातलं मुंबईच्या मराठी हॉटेलांत काय मिळतं? दादरला मामा काण्यांचं १९१० सालचं स्वच्छ उपाहारगृह आहे, शिवाजी पार्काजवळ 'आस्वाद' आहे, गिरगाव, पार्ले, ठाण्यात थाळी देणारी पुष्कळ ठिकाणं आहेत. थाळीत कोशिंबीर येते. पण कुठेही गेलं तरी ती डाव्या बाजूला, मीठ-लिंबू-लोणच्याच्या शेजारी, चमचा-दोन चमचे. स्वतंत्र ताटली म्हणून कार्डावर ती जवळपास कुठेच नसते. त्याच कार्डावर चायनीज भेळ असते, पनीर चिली असतं, आणि ते सुरुवातीला सांगितलेलं ग्रीन सॅलडही असतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या खानावळींनी मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा यांना बाहेरच्या जगात मान मिळवून दिला. तोच मान खमंग काकडीला द्यायला काहीही अडत नाही. सामान स्वस्त आहे, कूट आणि ओलं खोबरं स्वयंपाकघरात असतंच, आणि फोडणीच्या पळीला एक मिनिट लागतं. मीठ आणि लिंबू वाढताना घालायचं हा नियम पाळला की झालं; दाण्याचं कूट तेवढं सुटलेलं पाणी धरून ठेवतं.

सामान तर वर्षभर आहे. पावसाळ्यात लेट्यूस रुसतं तेव्हा कोकणातल्या तवशाचा आणि गावठी काकडीचा हंगाम असतो. थंडीत लाल गाजरं, मुळा, कोवळी मेथी आणि पात. फेब्रुवारीपासून अलिबागचा पांढरा कांदा माळांनी येतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि कच्चा खाण्यासाठी त्याच्याइतका गोड कांदा दुसरा नाही. मार्च-एप्रिलला ओले काजू, कैरी, वसईकडचे जाम, ताडगोळे. वसईहून भाजी घेऊन येणाऱ्या बायका शहरात आहेत, तोवर कोवळा पाला शोधायला शेअर बाजारातल्या भावाची हॉटेलं लागत नाहीत.

सध्या एवढं करता येतं. थाळीच्या हॉटेलात दुपारी साडेबाराच्या आत जावं, कारण कोशिंबीर तेव्हा नुकतीच झालेली असते, आणि बसताच सांगावं की एक मोठी वाटी वेगळी हवी, पैसे लावा. मालक गल्ल्यावर असेल तर त्यालाच सांगावं. बहुतेक ठिकाणी आधी आश्चर्य दिसतं, मग वाटी येते. भाकरी देणाऱ्या सोलापुरी आणि कोल्हापुरी खानावळींत डिसेंबर-जानेवारीत घोळाणा आहे का ते विचारावं. कार्डावर तो नसतो, पण आत स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या स्वतःच्या जेवणात असतो, आणि मागणाऱ्याला त्या नाही म्हणत नाहीत. मालवणी हॉटेलात किसमूर गुरुवारी-शनिवारी विचारू नये. बुधवार, शुक्रवार, रविवारी मिळण्याची शक्यता जास्त, आणि मिळालं तर सोलकढी त्याच्याबरोबर नको, आधी किसमूर संपवावं, मग घ्यावी.